मेणवलीच्या घंटेचे कूळ

वाईच्या ढोल्या गणपतीला मागे टाकून कृष्णेच्या काठाने धोमच्या रोखाने कोसभर पश्चिमेस गेले, की मेणवली हे गाव लागते. नदीला येथे फारशी घाई नसते. तिच्या वळणावर चंद्रकोरीच्या आकाराचा काळ्या पाषाणाचा घाट आहे, घाटावर विष्णूचे व मेणेश्वराचे अशी दोन देवळे आहेत, आणि त्यांच्या मागे नाना फडणिसांचा सहा चौकांचा वाडा नदीकडे तोंड करून उभा आहे. मेणेश्वराच्या लगत, एरवी ज्या घुमटीत एखादा ग्रामदेव बसवला असता, तशा एका लहानशा दगडी इमारतीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. ती जवळून पाहावी. काळपट हिरवी झाक आलेल्या तिच्या अंगावर मूल कडेवर घेतलेल्या एका स्त्रीची उठावाची आकृती आहे, आणि १७०७ हा इसवी सन ओतीव अंकांत कोरल्यासारखा उमटला आहे. ती स्त्री यशोदा नव्हे, पार्वतीही नव्हे. ती येशूची माता मरिया आहे. शंकराच्या दारी ती कशी आली, हा घंटेच्या कुळाचा प्रश्न आहे, आणि थोड्या विचारांती तो या गावाच्याही कुळाचा प्रश्न ठरतो.

घंटेचे माहेर वसई. औरंगजेब ज्या वर्षी वारला त्याच वर्षी ही घंटा ओतली गेली, आणि त्या काळी उत्तर कोकणचा किनारा पोर्तुगीजांच्या अंमलाखाली येऊन पावणेदोनशे वर्षांच्या आसपास होत आली होती. वसईच्या कोटात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा निरनिराळ्या पंथांची मोठमोठी देवळे व मठ होते, ज्यांच्या उघड्या भिंती आजही तेथे उभ्या आहेत. अशा देवळांच्या मनोऱ्यांत घंटा असे ती दोराने हेलकावे देऊन वाजवण्याची. ती प्रार्थनेची वेळ सांगे, लग्न सांगे, मयत सांगे, आणि शत्रू आला तर तेही सांगे. म्हणजे तिचा नाद देवापेक्षा गावासाठीच अधिक असे.

इ. स. १७३९ च्या फेब्रुवारीत पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पांनी वसईला मोर्चे लावले. सुरुंग, शिड्या, दलदल आणि समोरून होणारा तोफांचा भडिमार यांत हजारो माणसे कामी आल्यावर मे महिन्यात कोट शरण आला. जो तहनामा झाला तो त्या काळाच्या मानाने उदार म्हणावा लागेल. पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, निशाण फडकावीत व नगारे वाजवीत बाहेर पडू दिले गेले. परंतु मनोऱ्यांतल्या घंटा मागे राहिल्या, आणि त्या विजयाच्या खुणा म्हणून देशावर आल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर अशीच एक घंटा आहे, तिच्यावर १७२१ हा सन आहे. भीमाशंकराच्या देवळापुढेही एक आहे.

येथे एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. घंटेची धातू आणि तोफेची धातू ही सख्खी चुलत भावंडे: दोन्हींत तांबे व कथील, फक्त तोफेत कथील शेकडा दहाच्या आसपास आणि घंटेत वीस-बावीस, जवळजवळ आपल्या काशाइतके. पुरेसे तांबे मिळवले की घंटेची तोफ होऊ शकते, आणि युरोपात लढाईच्या दिवसांत देवळांच्या घंटा ओतशाळेत गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. मराठ्यांना चांगल्या तोफांची चणचण नेहमीचीच. असे असता या घंटा वितळवल्या न जाता देवळांत टांगल्या गेल्या, यात लष्करी हिशेबापेक्षा नवसाचा व मानाचा हिशेब वरचढ ठरला असे मला वाटते. मरियेची आकृतीही कोणी तासून टाकली नाही. कथील जास्त असलेली ही धातू ठिसूळ असते, छिन्नी लावली तर तडा जाऊन नादच जायचा, हे ओतारी जाणत असणार; पण केवळ तेवढ्याच भीतीने ती आकृती वाचली असे मानण्याचे कारण नाही. लेकुरवाळ्या मूर्तीवर छिन्नी चालवणे या देशातल्या कारागिराच्या हाताला सहजासहजी मानवले नसते.

चिमाजी अप्पांनी ही घंटा वसईहून आणून मेणवलीस दिली, असे गावी येणाऱ्यास सांगतात. सांगणे ऐकायला गोड आहे; परंतु वसई पडली तेव्हा नाना फडणीस जन्मालाही यायचे होते. नानांचा, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू यांचा, जन्म सातारचा, इ. स. १७४२ चा; आणि अप्पा तर वसईनंतर दीड-दोन वर्षांतच वारले. मेणवली गाव नानांस मिळाले ते १७६८ साली, औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून. तोवर येथे घाटही नव्हता आणि वाडाही नव्हता. तेव्हा वसईची लूट म्हणून देशावर आलेल्या घंटेला मेणवलीच्या मुक्कामास पोचायला किमान एकोणतीस वर्षे लागली.

नानांचे घराणे मूळचे कोकणातल्या वेळासचे. पानिपतावर आईला गमावून स्वतः कसाबसा जीव वाचवून आलेला हा तरुण कारकून पुढे पेशवाईचा सारा कारभार लेखणीच्या टोकावर पेलू लागला, तरी साडेतीन शहाण्यांत त्याची गणना अर्ध्यातच झाली, कारण तलवार त्याच्या हातची नव्हे. अशा माणसाने इनाम गावात काय बांधावे? त्याने गढी बांधली नाही. घाट बांधला, देवळे बांधली, आंबराई लावली, भिंतींवर देवादिकांची चित्रे काढवली, आणि वाड्यात दप्तर साठवले. मेणवलीचा स्वभाव ठरला तो येथे. शेजारची वाई ही ब्राह्मणांची, पाठशाळांची, यात्रेची, बाजाराची. मेणवली मात्र एका माणसाच्या मर्जीने बेतलेली, रेखीव, अबोल, हिशेबी. धनी कोकणचा, दाते औंधचे, घंटा फिरंग्यांची. अस्सल स्थानिक म्हणावी अशी एक कृष्णा, आणि तिच्या पाण्यावर हळद-ऊस पिकवणारी कुणब्यांची घरे, ज्यांची नावे दप्तरात आली ती वसुलाच्या निमित्तानेच.

इ. स. १८०० च्या मार्चमध्ये पुण्यात नाना वारले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यात त्यांच्या इस्टेटीवर जप्ती आली. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी जिऊबाई त्या वेळी वयाने केवळ पोर होत्या. पुढे इंग्रजांनी त्यांस सालीना १२,००० रुपयांचा तनखा करून दिला, आणि त्यांचे उत्तरायुष्य मेणवलीच्याच वाड्यात गेले. नानांच्या कारभाराचे रुमालच्या रुमाल त्या वाड्यातच पडून होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस द. ब. पारसनीस यांच्या हाती हे मेणवली दप्तर आले, तेव्हा उत्तर पेशवाईच्या राजकारणाची अस्सल साधने अभ्यासकांपुढे आली. इतिहासाचे त्यात भले झाले. गावाची मात्र सर्वांत मोलाची वस्तू गावाबाहेर गेली.

घंटा राहिली. तिचे वजन साडेसहाशे किलोंच्या घरात सांगतात, रुमालासारखी ती गाठोड्यात बांधता येत नाही. अलीकडे ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाल्यापासून (तो २००४ साली आला) सुटीच्या दिवशी गाड्या येतात, तरुण मंडळी नटाने कोठे उभे राहून काय म्हटले याची चौकशी करीत घाट उतरतात, आणि जाता जाता घंटेचा लोळा हलवून पाहतात. आवाज ऐकून चकित होतात. क्वचित एखाद्याचे लक्ष त्या आकृतीकडे जाते आणि ही कोणती देवी, असे तो विचारतो. गावातली जाणती माणसे त्याला सरळ सांगतात की ती मेरी आहे, वसईची आहे, आणि उत्तर देऊन आपल्या कामाला लागतात. या उत्तरात त्यांना काही नवल वाटत नाही.