कसब्याची पारख

एखाद्या परक्या कुटुंबाने आपले बिऱ्हाड हलवून लहानशा कसब्यात कायमचे राहावयास यावे की नाही, हा प्रश्न आज आपण घरभाडे, शाळा, दवाखाना आणि एसटीच्या फेऱ्या यांच्या हिशेबाने सोडवितो. परंतु देशावरील जुन्या गावकीचा इतिहास पाहू लागल्यास असे दिसते की, त्या काळी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जात असे, आणि त्याचे उत्तर सरकारी कागदावर जितके अवलंबून असे त्याहून कितीतरी अधिक ते सुताराच्या वाकसावर, न्हाव्याच्या वस्तऱ्यावर आणि गावच्या पाणवठ्यावर अवलंबून असे.

आपली गावे अनादिकालापासून एकाच जागी, त्याच घराण्यांसह निश्चल राहिली, असा एक गोड समज रूढ आहे. तो खरा नाही. दुष्काळ, मुलूखगिरी आणि साथी यांनी ही गावे वारंवार उठत आणि वारंवार वसत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा म्हणून जो दुष्काळ पडला, त्याने ओस पडलेला मुलूख पुन्हा लावण्यासाठी बहामनी सरकारने पुढील शतकात दादो नरसो नावाच्या अनुभवी ब्राह्मण कारभाऱ्याला आणि दरबारातील एका तुर्की खोजाला पाठविले, असे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. पहिल्या साली रयतेकडून काही घ्यावयाचे नाही आणि दुसऱ्या साली बिघ्यामागे घोड्याचा एक तोबराभर धान्य तेवढे घ्यावयाचे, असा त्यांचा ठराव होता; आणि जुन्या शिवा सांगणारे कोणी उरले नसल्यामुळे दोन-दोन, तीन-तीन गावांचे एक गाव करून त्यांनी नव्याने रचना केली. म्हणजे आज जी घराणी स्वतःला गावची मूळ घराणी म्हणवितात, त्यांतील कित्येकांचा मूळ पुरुष तोबराभर साऱ्याच्या सवलतीने आलेला एक उपरी असला पाहिजे. १६३० मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले, त्यानंतर दादोजी कोंडदेवांनी कौल देऊन परगण्यातील उठलेली रयत परत आणिली व नवी बसविली, तीही याच जुन्या रीतीने.

कौलाच्या कागदात काय असे? पड जमीन लावणाऱ्यास आरंभीची माफी, त्यानंतर साल-दरसाल चढत जाणारा इस्तावा, पेठेत दुकान मांडणाऱ्यास जकातीची सूट, वेठबिगारीपासून मोकळीक, घर बांधावयास जागा, आणि दिवाणाकडून, म्हणजे सरकाराकडून, उपसर्ग लागणार नाही असे अभय. राहावयास येणाऱ्याने विचारावयाच्या पुष्कळ गोष्टींची उत्तरे त्यात स्पष्ट असत. परंतु देवळाच्या सभामंडपात आपण कोठे बसावयाचे, पंगतीत आपले पान कोणाच्या शेजारी मांडिले जाईल, आपल्या घरी मयत झाले तर खांदा द्यावयास कोण येईल, हे मात्र कोणत्याही कौलात लिहिलेले नसे. ते देणे दिवाणाच्या हाती नव्हते.

नव्या माणसाला गावात जे स्थान मिळे त्याचे नाव उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची; ती त्याने विकावी, गहाण टाकावी, आणि दुष्काळाने परागंदा झाला तरी पुष्कळ वर्षांनी परत येऊन तिच्यावर हक्क सांगावा. उपऱ्याने ठरेल त्या मुदतीने व ठरेल त्या खंडाने जमीन करावी, आणि पटले नाही तर बैल सोडून दुसऱ्या गावी जावे. काही प्रांतांत मिरासदाराला लग्नटका, म्हैसपट्टी यांसारख्या किरकोळ पट्ट्या माफ असत, उपऱ्याला त्या द्याव्या लागत. गावच्या कारभारात बोलण्याचा अधिकारही मिरासदाराचाच. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या दोन वर्गांचा भेद त्याने विस्ताराने नोंदविला आहे. वरवर पाहता ही निव्वळ विषमता वाटते, आणि ती होतीही. तथापि तिचा दुसरा एक उपयोग होता, तो मला महत्त्वाचा वाटतो. मिरासदाराला वाईट सालीही जमिनीचा पुरा वसूल भरणे भाग असे. उपऱ्याच्या गळ्यात ते लोढणे नव्हते. त्याला गाव पाहावयास सवड होती, आणि गावाला त्याला पाहावयास. पाटील वसुलाच्या वेळी कसा वागतो, कुळकर्णी लिहितो एक आणि वाचतो दुसरे असे तर नाही ना, वाद उपस्थित झाला असता गोत, म्हणजे गावची सभा, कोणाचे ऐकते, हे सारे पाहून घेतल्यावर एखादी गतकुळी जमीन, म्हणजे जिचे मूळ घराणे नष्ट झाले आहे अशी, तो विकत घेई. तेव्हा जे मिरासपत्र होई त्यावर पाटील आपली नांगराची निशाणी करी आणि गावचे मिरासदार व बलुतेदार साक्षीला उभे राहत. त्या कागदाला जे वजन होते ते या साक्षींचे होते.

बलुतेदारांचा येथे जो उल्लेख आला तो केवळ साक्षीदार म्हणून नव्हे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग अशी ही मंडळी, जिची यादी गावागणिक थोडीफार बदले, एकेका घराची नोकर नसून साऱ्या गावाची वतनदार होती. खळ्यावर धान्याच्या राशीतून तिचा वाटा निघे आणि वर्षभर तिचे काम चाले. नव्याने आलेल्या माणसाला पैसे देऊन हे काम विकत घेता येण्याजोगे नव्हते. सुताराने त्याचा नांगर भरून दिला, कुंभाराने त्याच्या घरी गाडगी-मडगी पोचविली, न्हाव्याने त्याच्या पोराचे जावळ काढले, की गावाने त्याला आत घेतले असे समजावे. आणि यांतील एकानेही नुसते ‘उद्या येतो’ म्हणून तीनदा सांगितले की, पाटलाचा शब्द कितीही गोड असला तरी, बैलांची तोंडे दुसऱ्या वाटेला वळवावी. कारागीर स्वतःच उपरी म्हणून आला असेल तर त्याची कसोटी याहून कठीण. कारण त्या कामाचा परागंदा झालेला वतनदार परत आल्यास उपरी सुताराने वा लोहाराने त्याला जागा करून द्यावी, अशीच रीत होती.

कसब्याला लागून पेठ असे, तेथे व्यापाऱ्यांचा प्रवेश शेटे आणि महाजन या वतनदारांच्या विचाराने होई. वाणी-उदमी बोलावून आणणे, त्यांना जागा नेमून देणे, वजने-मापे पाहणे आणि तंटे मिटविणे ही त्यांची कामे, आणि कागदावर तराजू ही त्यांची निशाणी. देहूची महाजनकी तुकोबांच्या घराण्यात होती, हे येथे आठवते. १६३० च्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर या विषयाचा राज्याच्या दृष्टीने विचार केलेला आहे. परमुलखीचे सावकार आणून पेठा वसवाव्यात, त्यांना कोणी उपद्रव देऊ नये, असे आग्रहाने सांगणारा हाच ग्रंथ टोपीकरांच्या, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांच्या, बाबतीत मात्र बजावतो की, यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, आत लोकवस्तीमध्ये द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. जो इतर व्यापाऱ्यांसारखा वस्तीत मिसळून राहील त्याचे स्वागत, आणि जो आपला कोट बांधील त्याला मज्जाव. ही पारख किती खरी होती हे पुढे शंभर वर्षांत सर्वांना समजले.

इंग्रजी अमलात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेल्या आकारणीचा बोजा न सोसून इंदापूर तालुक्यातील पुष्कळ रयत शेते टाकून निघून गेली. तेव्हा १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तेथे नवी पाहणी करून सारा उतरविला व जमिनी पुन्हा लागवडीस आणिल्या. या पाहणीच्या पद्धतीने मिरासदार आणि उपरी हा भेद कायद्याच्या दृष्टीने संपुष्टात आला. जो सारा भरील त्याची जमीन, मग तो कालचा असो की दहा पिढ्यांचा. ज्यांना गोताने पिढ्यान्‌पिढ्या दारातच उभे केले होते त्यांना हे मोठेच वरदान होते, आणि ते मी कमी लेखू इच्छीत नाही. परंतु त्याबरोबरच नव्या माणसाला गावाची पारख करण्याची आणि गावाचे मन राखण्याची गरजही उरली नाही; कारण त्याच्या पाठीशी आता कसब्याचे गोत नसून तालुक्याचे दिवाणी कोर्ट होते.

याचा परिणाम प्रथम सावकारीत दिसला. मारवाडी व गुजर सावकार पूर्वीही होते, पण वसुलासाठी त्यांना पाटलाचे तोंड पाहावे लागे. आता हुकूमनामा मिळू लागला, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची प्रथा पडली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचा भाव उतरला, सरकारने फेरआकारणीत सारा वाढविला, आणि कुणबी नागविला गेला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने आपल्या मारवाडी सावकारावर बहिष्कार घातला: त्याच्या दुकानी कोणी जाईना, न्हावी हजामत करीना, परीट कपडे नेईना. गावकीचे जुने शस्त्रच त्यांनी उपसले होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारी जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे व दुकाने फोडून खते जाळली, आणि तेथून दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. यातील एक गोष्ट या दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने टिपून ठेविली आहे: जेथे ब्राह्मण वा इतर स्थानिक सावकार मारवाड्यांच्या जोडीने देवघेव करीत होते, तेथेही बहुधा बाहेरच्यांवरच हल्ला झाला. व्याज उभयतांचे सारखे जड असेल. पण एकाच्या घरी लोक लग्नाला जात-येत होते, दुसऱ्याच्या घरी फक्त अंगठा उठवावयास जात. १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने खतांचा विचार केला. या दुसऱ्या गोष्टीवर कायदा काय उपाय करणार?

मात्र गावकीच्या या पारखीचे गुण गाताना तिचा सर्वांत मोठा अन्याय झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. महार हा गावचा वतनदार. शिवेच्या वादात त्याचीच साक्ष प्रमाण मानीत, मिरासपत्रावर त्याची निशाणी असे. आणि तरीही काल आलेला सवर्ण उपरी ज्या पाणवठ्यावर आज घागर बुडवी, तेथे महाराला पिढ्यान्‌पिढ्या जाता आले नाही. म्हणून एखाद्या गावाची संस्कृती आपल्याला मानवेल काय, हे ठरविणाऱ्याने आपले स्वागत कसे झाले एवढ्यावरून निकाल देऊ नये. तेथे जन्मून तेथेच राहिलेल्या शेवटच्या घराला पाणी कोठून मिळते, हे आधी पाहावे. कोकणातील महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, आणि तीन वर्षे तो ठराव दफ्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा गावातील सनातन्यांनी पंचगव्याचे घडे ओतून तळे शुद्ध केले, ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि तेथील पाण्यावरील अस्पृश्यांचा हक्क मुंबईच्या हायकोर्टाने मान्य करावयास १९३७ साल उजाडावे लागले.