आपलें स्वातंत्र्य आणि दुसऱ्याची श्रद्धा

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीस देशांतील करिंथ शहरीं ख्रिस्ती मंडळींत एक वाद माजला होता. मूर्तीपुढें नैवेद्य म्हणून ठेवलेलें मांस ख्रिस्ती मनुष्यानें खावें कीं नाहीं, हा तो वाद. संत पौलाचा निर्णय असा कीं, खाण्यांत मूळचें पाप नाहीं. परंतु आपल्या खाण्यानें दुबळ्या मनाचा बंधु श्रद्धेंत अडखळत असेल, तर तें स्वातंत्र्य आपण होऊन सोडावें. ज्ञानाहून प्रीति थोर, हें त्यांतील तत्त्व. महाराष्ट्रांत या तत्त्वाची कसोटी लागली ती व्यासपीठावर नव्हे, तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या संसारांत.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांना जो प्रकाश दिसला, तोच लक्ष्मीबाईंच्या वांट्याला काळोख म्हणून आला. पति जिवंत, पण त्याच्या हातचें पाणी चालेना! मुलाला घेऊन त्या आप्तांच्या आधारानें पंढरपुरास राहिल्या. स्वतःच्या विवेकाला जागणाऱ्या पुरुषाच्या पावलानेंच जवळचें माणूस घायाळ व्हावें, हा पेंच पौलाच्या पत्रांतील पेंचाहूनहि बिकट होता.

कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई पतीकडे नगर प्रांतीं आल्या. परंतु सोवळें सुटलें नव्हतें. एकाच संसारांत दोन धर्म नांदूं लागले. टिळक स्वभावानें तापट. ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत लक्ष्मीबाईंनीं तें लपविलेलें नाहीं. पण या बाबतींत त्यांनीं सक्ती केली नाहीं. पत्नीचें सोवळें संभाळलें आणि वाट पाहिली. राहुरीस असतांना जातिभेद हा देवाचा नव्हे, माणसाचा, असें लक्ष्मीबाईंच्या मनानेंच घेतलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या पायांनीं चालत येऊन.

घरांत शिकलेला हा धडा टिळकांनीं घराबाहेरहि लावला. विलायती चाली आणि विलायती थाट हीच पुष्कळ हिंदु श्रोत्यांच्या वाटेंतील धोंड आहे, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून त्यांनीं अभंग रचले, कीर्तनें केलीं, टाळमृदंगाला उपासनेंत स्थान दिलें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाहि तेथें जागा होती.

येथें एक गोष्ट श्रोत्यांनीं विसरूं नये. जो मनुष्य जुने देव मोठ्या कष्टानें सोडून आला, त्याला तोच मृदंग पुन्हा मागें ओढणारा वाटूं शकतो. एकाच्या वाटेंतील धोंड दूर करतांना ती दुसऱ्याच्या वाटेंत पडण्याचा संभव असतो. म्हणून पौलाचा निर्णय म्हणजे कोष्टकांतला नियम नव्हे. समोरचा मनुष्य कोण, हें दर वेळीं पाहावें लागतें.

टिळक ९ मे १९१९ रोजीं निवर्तले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अर्धवट राहिलें होतें. त्याचे बहुतेक अध्याय पुढें लक्ष्मीबाईंनीं लिहिले, आणि त्यांच्या निधनानंतर १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. जिला ओढून आणलें नाहीं, तिनेंच पतीचें काम तडीस नेलें.