पुन्हा पुन्हा ऐकलेल्या गोष्टीचं नवल

तत्त्वज्ञानाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात आम्ही सांगायचो की ॲरिस्टॉटलच्या मते तत्त्वचिंतनाचा उगम आश्चर्यात आहे. त्याचं पुढचं म्हणणं विद्यार्थी विसरतात: कारण कळलं की ते आश्चर्य उरत नाही. गीतेच्या शेवटी संजयाचं मात्र उलटंच आहे. तो संवाद आणि ते रूप आठवून आठवून त्याचा विस्मय वाढतच जातो. कॅथलिक साधकाला या दोघांपैकी कुणाचं खरं मानायचं हे रोज ठरवावं लागतं. तीच मिस्सा, तीच जपमाळ, दर डिसेंबरला तीच गव्हाण. एवढ्या आवर्तनात नवल टिकावं कसं?

१२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसने खरी गव्हाण मांडली, गवत पसरलं, बैल आणि गाढव आणून उभं केलं. पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या वऱ्हाडात यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. पण ऐकून ऐकून गुळगुळीत झालेली गोष्ट त्या रात्री लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

मराठीत हे काम एका इंग्रजाने केलं, बरं का. येशूसंघाचा थॉमस स्टीफन्स ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढे साष्टीत राहिला. १५८३ साली त्याने भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण त्याला ग्रीक-लॅटिनसारखी वाटली, आणि त्यांच्या वाक्यरचनेला त्याने लॅटिनमध्ये जे विशेषण लावलं त्याचा अर्थच ‘विस्मयकारक’ असा आहे. विल्यम जोन्सने संस्कृतबद्दल असंच निरीक्षण मांडलं ते १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी.

नुसतं ‘वा!’ म्हणून सोडलं असतं तर ते प्रवाशाचं नवल झालं असतं. स्टीफन्स व्याकरण करायला बसला. ते व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापून निघालं. आणि ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला, रोमन लिपीत. गोव्यात आल्याला तोवर सदतीस वर्षं झाली होती! जवळजवळ अकरा हजार ओव्या. ज्या ओवीत ज्ञानेश्वर बोलले, आपल्या रिद्धपूरशी नातं सांगणारे महानुभाव कवी बोलले, तिच्यात त्याने बेथलेहेम आणलं. ग्रंथाच्या सुरुवातीला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनंती करतो: धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांवर भागत नाही, आम्ही पूर्वी पुराणं ऐकायचो तसं काही द्या.

ही भूक कुठून आली, ते सांगितलंच पाहिजे. स्टीफन्स येण्याच्या बारा वर्षं आधी, १५६७ मध्ये, साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती. ज्या देवळांत पुराण रंगायचं ती देवळंच उरली नव्हती. पत्राच्या त्याच वर्षी, १५८३ मध्ये, कुंकळ्ळीला पाच येशूसंघीय मारले गेले, आणि मग गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार केलं. भाषेपुढे थक्क होणारा हा माणूस त्याच सत्तेच्या आश्रयाने राहत होता. मराठीच्या कौतुकाच्या त्याच्या ओव्या आपण भाषादिनाला म्हणतो, तेव्हा हे गाळलं जातं. आम्हाला ते पटत नाही. मराठीच्या रचनेत त्याला जे नवल दिसलं ते शेजाऱ्याच्या भक्तीत का दिसलं नाही, हा प्रश्न त्याच्या धर्मबांधवांनीच आधी विचारायला हवा.

पुढची कथा थोडक्यात. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडण्याचं फर्मान काढलं. रोमन चर्चनेही वेदीवर लॅटिनच ठेवली. लोकभाषेला वाट मिळाली ती व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा दस्तऐवज काढल्यावर. आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ चा, म्हणजे त्याची सुरुवातीची वर्षं लॅटिनमध्येच गेली. भाषा बदलल्यावर जगभर काही भाविकांनी तक्रार केली की मिस्सेतलं गूढ गेलं. न कळण्याला गूढ म्हणायचं असेल तर गेलं खरं! स्टीफन्सच्या श्रोत्यांना शब्द कळत होते, म्हणूनच पुराण गिरिजाघरांत वर्षानुवर्षं वाचलं गेलं. इथे आम्ही ॲरिस्टॉटलपेक्षा संजयाच्या बाजूचे.

मूळ छापील प्रत आज एकही सापडत नाही. शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये ग्रंथ देवनागरीत आणला. यंदा नाताळाआधी अमरावती-अकोल्यात कुणी त्यातला जन्माचा भाग मोठ्याने वाचणार असेल तर आम्ही ऐकायला येऊ. चाल मात्र ओवीचीच लावा, कॅरलची नको.