शुश्रूषायंत्रे आणि संस्कृतीची सबब

जपानी माणूस यंत्रमानवाला आपला मानतो आणि पाश्चात्त्य माणूस त्याला भितो, असे विधान वृद्धसेवेच्या चर्चेत वारंवार केले जाते. त्याला आधारही आहेत. पाहुण्यापुढे चहाचा पेला नेणाऱ्या कळसूत्री बाहुल्या एदो काळात जपानात होत्या; त्यांची रचना सांगणारा 'काराकुरी झुई' हा सचित्र ग्रंथ १७९६ सालचा. १९५२ पासून ओसामू तेझुका यांच्या चित्रकथेतला यंत्रबालक 'आतोमू' तेथील मुलांचा सखा झाला. उलट युरोपात 'रोबो' हा शब्दच कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आला आणि त्यात यंत्रमानव मनुष्यजातीवर उलटतात.

हे सारे खरे असले तरी धोरणाचा इतिहास निराळे सांगतो. एप्रिल २००० मध्ये जपानने शुश्रूषा विमायोजना लागू केली. घरातील स्त्रियांवर, विशेषतः सुनांवर, पडणारा भार समाजाने वाटून घ्यावा, हा तिचा हेतू. पुढे सेवकांची उणीव जाणवू लागली. २००८ पासून इंडोनेशियातून सेविका येऊ लागल्या. परंतु कायम राहायचे तर जपानी भाषेतील परीक्षा उत्तीर्ण होण्याची कठीण अट होती. २०१३ पासून शुश्रूषायंत्रांच्या विकासाला मात्र सरकारी निधी मिळू लागला. परदेशी सेवकांसाठी दार अधिक उघडले ते २०१९ साली. आमची हयात शासकीय सेवेत गेली. निर्णयाला परंपरेचा टेकू दिला की प्रश्न विचारणारे गप्प बसतात, हे आम्ही पाहिले आहे.

'पारो'चेच पाहा. सीलच्या पिल्लाच्या रूपातील हे यंत्र ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून विकसित केले. २००५ मध्ये ते जपानात विक्रीस आले. कुत्र्यामांजराशी माणूस लगेच तुलना करतो, म्हणून अपरिचित प्राणी निवडला. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध त्याला कुरवाळतात, त्याच्याशी बोलतात. पण हेच यंत्र डेन्मार्कच्या वृद्धाश्रमांतही गेले आणि अमेरिकेने २००९ साली त्यास वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. मग भीती कोठे गेली? आक्षेप मात्र उरला. अशा यंत्राचे सुख आत्मवंचनेवर उभे असते, असे रॉबर्ट स्पॅरो या तत्त्वचिंतकाने २००२ सालीच म्हटले होते. फसवणुकीचा हा प्रश्न टोकियोत आणि कोपनहेगनात सारखाच आहे.

यंत्राने श्रम वाचतात, हेही गृहीत धरता येत नाही. जेम्स राइट यांनी जपानी वृद्धाश्रमात राहून केलेला अभ्यास २०२३ मध्ये ग्रंथरूपाने आला. यंत्रे हलवणे, पुसणे आणि वापरताना लक्ष ठेवणे यांत सेवकांचे काम वाढलेच, असे त्यांना आढळले.

आम्ही यंत्राचे विरोधक नव्हे. रुग्णाला उचलताना सेविकेची कंबर वाचत असेल, परक्या हातांनी स्नान घालून घेण्याचा संकोच टळत असेल, तर यंत्र अवश्य यावे. आपल्या जुन्या घरांतूनही आज म्हातारी माणसे एकटी आहेत, मुले दूरदेशी आहेत. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सोबत मागता येत नाही. ही यंत्रे उद्या आपल्या दारी येतील, तेव्हा संस्कृतीचा दाखला न देता दोनच गोष्टी विचाराव्यात: ज्याच्या उशाशी यंत्र ठेवले, त्याला कोणी विचारले होते काय? आणि यंत्र आल्यावर तेथे बसणारे माणूस उठून गेले काय?