स्वारांच्या फौजेंत गारद्याची चाकरी

मराठी फौज म्हटली कीं डोळ्यांपुढें घोडेस्वार उभा राहतो, आणि तें रास्तच आहे. शिलेदार आपलें घोडें घेऊन येई, बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे. दोघांच्याहि चाकरीचा हिशेब घोड्याभोंवतींच फिरत असे. अशा या फौजेंत अठराव्या शतकाच्या मध्यास कवायती पायदळ व त्याबरोबरच्या तोफा घेऊन गारदी शिरला. त्याच्या येण्यानें युद्धपद्धतींत काय पालट झाला, तो इष्ट कीं अनिष्ट, याचा ऊहापोह आजवर विपुल झाला आहे. प्रस्तुत लेखांतील प्रश्न त्याहून निराळा व कांहींसा लहान आहे. परक्या तऱ्हेच्या फौजेच्या खांद्यास खांदा लावून चाकरी करण्यांत खुद्द त्या गारद्याच्या पदरांत काय पडलें, आणि त्यानें काय गमावलें?

गारदी हा शब्द फ्रेंचांच्या 'गार्द' शब्दावरून आला, हें मत सामान्यतः मान्य आहे. फ्रेंच सरदार बुसी यानें निजामाच्या राज्यांत जें कवायती पायदळ तयार केलें, त्याच शाळेंत मुजफरखान व इब्राहिमखान हे दोघेहि घडले. अशा माणसाजवळ वतन नव्हतें, पिढीजाद सरंजाम नव्हता. होतें तें एक दुर्मिळ कसब. दक्षिणेंतील प्रत्येक दरबारास तें हवें होतें, म्हणून त्यास गिऱ्हाइकाची वाण पडली नाहीं. मुजफरखानानें या परिस्थितीचा पुरता फायदा घेतला. पेशव्यांची चाकरी सोडून तो सावनूरच्या नबाबाकडे गेला, त्या प्रकरणीं सन १७५६ त सावनूरास वेढा पडला, आणि इतकें होऊनहि पुढें तो पुन्हां पेशव्यांच्याच पदरीं राहिला. एखाद्या शिलेदारानें हाच उद्योग केला असता तर त्याचें घरदार जप्त झालें असतें. मुजफरखानाचें जप्त करण्यासारखें देशांत कांहीं नव्हतें. तथापि ज्याला मुळें नाहींत त्याला आधारहि नसतो. सन १७५९ त पुण्यास सदाशिवरावभाऊंच्या जिवावर घाला घालण्याचा प्रयत्न त्यानें केला, तो फसला, व त्यास देहांत शासन झालें.

याच वर्षाच्या सुमारास इब्राहिमखान मराठ्यांकडे आला. निजामअलीच्या पदरची त्याची चाकरी सुटली होती. सन १७६० च्या आरंभीं उदगीरच्या मोहिमेंत त्याचीं पलटणें आपल्या जुन्याच धन्यावर चालून गेलीं, आणि ज्या पद्धतीचा बडेजाव निजामाचे लोक करीत असत तीच पद्धति त्यांच्यावर उलटली. भाऊसाहेबांच्या मनांत इब्राहिमखानाविषयीं जो विश्वास बसला तो येथें. नव्या चाकरानें एका मोहिमेंत सेनापतीच्या इतक्या जवळ जाणें ही गोष्ट शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजेंतील कोणा पथक्यास साध्य झाली नसती; त्यास आधीं आपल्या सरदाराच्या, मग दिवाणाच्या दारांतून जावें लागे. गारद्यांचा सरदार थेट धन्याशीं बोले. परक्या शाखेंत राहण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच.

पण लाभाच्या पोटींच हानि होती. जो एकाच्या कृपेनें वर चढतो तो बाकीच्यांच्या डोळ्यांत सलतो. जड तोफा, बुणगे व कबिले मागें ठेवून मोकळ्या घोड्यांनीं लढावें, असा सल्ला सुरजमल जाटानें दिला व होळकरादिकांस तो पटला, असें काशीराज लिहितो. बखरींतूनहि मल्हाररावांच्या तोंडीं गनिमी काव्याचा आग्रह घातलेला आढळतो. आतां गारद्याच्या बाजूनें पाहावें. तोफा मागें ठेवल्या तर इब्राहिमखान उरतो कशाला? त्याचा सल्ला युद्धशास्त्रदृष्ट्या बरोबर असो वा चूक, तो देण्यावांचून त्यास गत्यंतरच नव्हतें. त्याचप्रमाणें गोलाची लढाई पतकरल्यावर आपलें स्वारांचें कसब पडून राहतें, ही बोंच होळकरांसहि असणारच. पानिपतच्या वादांत दोन्ही पक्षांच्या शहाणपणाची तुलना पुष्कळांनीं केली, परंतु दोघांच्याहि मतांमागें आपापल्या पेशाचें पोट होतें, हें फारसें कोणी लक्षांत घेतलेलें दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट पगाराची, आणि माझ्या मतें सर्व प्रकरणाची किल्ली हीच आहे. शिलेदारास नालबंदी मिळे, सरदारास सरंजाम असे. रोख तुंबली तरी मुलुखगिरींत व लुटींत कांहीं ना कांहीं हातीं लागे. घोडें मेलें तर मात्र शिलेदाराचेंच नुकसान, म्हणून तो घोडें जपून लढे. गारद्याचें सर्वच उलट. त्यास रांग सोडून लुटीस धांवतां येत नाहीं. रांग मोडली कीं त्याचें कसब संपलें. त्याचा जीव दरमहाच्या रोख रकमेवर. दिल्ली ऑगस्ट १७६० त हातीं आली, पण खजिना मिळाला नाहीं. दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत काढून आटवावें लागलें आणि त्यांतून सुमारें नऊ लाख रुपये उभे राहिले. कुंजपुऱ्याच्या विजयानें ऑक्टोबरांत थोडी उसंत मिळाली. पुढें पानिपतावर रसद तुटली, डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि छावणींत रोकड नाहींशी झाली. अशा वेळीं आपल्या लोकांचा पगार वेळच्या वेळीं मिळावा म्हणून तगादा लावणारा इब्राहिमखान इतरांस कसा दिसला असेल, हें सांगावयास नको.

काशीराजानें याच मुद्यावर एक प्रसंग नोंदला आहे. लढाईच्या दिवशीं सकाळीं इब्राहिमखान भाऊसाहेबांकडे आला व बोलला, कीं माझ्या माणसांच्या दरमहाचा हट्ट धरल्याबद्दल आपण मजवर फार दिवस रुष्ट आहां. या महिन्यांत खजिना लुटला गेला व आम्हांस कांहींच मिळालें नाहीं. त्याची चिंता नको, खाल्लेलें मीठ आज आम्ही फेडूं. भाव असा आहे; शब्द माझे आहेत. काशीराज शुजाउद्दौल्याच्या छावणींत होता, मराठ्यांच्या नव्हे, आणि आपला वृत्तांत त्यानें सुमारें वीस वर्षांनीं लिहिला. तेव्हां हें भाषण त्याच्या कानांवर कसें गेलें? जखमी इब्राहिमखान लढाईनंतर शुजाच्या गोटांत आणला गेला होता. कदाचित् तेथेंच ही हकीकत त्याच्याच तोंडून बाहेर पडली असेल. तसें असल्यास मरणाच्या दारांतील या मनुष्यास जयापजयापेक्षां पगाराचा आळ धुऊन काढणें अधिक महत्त्वाचें वाटलें, असें म्हणावें लागेल.

१४ जानेवारी १७६१ रोजीं त्यानें काय केलें तें प्रसिद्ध आहे. कांहीं पलटणें बगलेच्या रक्षणास ठेवून बाकीचीं घेऊन तो दुंदेखान व हाफीज रहमतखान यांच्या रोहिल्यांवर संगिनी रोंखून गेला. आठ-नऊ हजार रोहिले मेले किंवा घायाळ झाले, हा काशीराजाचा आंकडा फुगीर असावा. परंतु गारद्यांचीं बहुतेक पलटणें तेथेंच खपलीं याविषयीं वाद नाहीं. स्वारांशीं असलेल्या सहकार्याविषयीं मात्र साक्षी जुळत नाहींत. विंचूरकर व गायकवाड यांचे स्वार मध्येंच पुढें घुसल्यामुळें गारद्यांचा मारा अडला, अशी हकीकत सांगतात. काशीराज दमाजी गायकवाडानें इब्राहिमखानास उत्तम साहाय्य केलें व स्वतः जखमा सोसल्या असें लिहितो. मला काशीराज अधिक विश्वसनीय वाटतो, कारण दमाजीची स्तुति करण्यांत त्यास कांहीं लाभ नव्हता. शिवाय पराभवानंतर दोष वांटण्याची जी रीत असते, तिच्यांतून दुसरी हकीकत सहज निघूं शकते.

तिसऱ्या प्रहरीं फौज मोडली तेव्हां दोन शाखांतला खरा भेद उघडा पडला. घोडा ज्याच्या खालीं तो निघाला. मल्हारराव आपल्या फौजेसह निसटले, दमाजी जखमी होऊनहि वांचला. पायउतार गारद्यास पळण्यास वाट नव्हती. इब्राहिमखान भाले व गोळी यांच्या जखमांनिशीं पकडला गेला. शुजानें त्यास वांचविण्याचा यत्न केला; परंतु मुसलमान असून मराठ्यांकडून लढला हा शत्रूच्या दृष्टीनें त्याचा आणखी एक अपराध होता. शेवटीं त्यास अबदालीच्या वजिराच्या हवालीं करावें लागलें, आणि थोड्याच दिवसांत तो कैदेंत मेला. जखमांत विष भरल्याचा संशय काशीराजानें सुचविला आहे.

पुण्यांत या नांवास पुढें आणखी डाग लागला. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत सुमेरसिंग वगैरे गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला. तेथेंहि वाड्यांत शिरण्याचें निमित्त तुंबलेल्या पगाराचेंच होतें. तेव्हांपासून मराठींत गारदी म्हणजे मारेकरी. इब्राहिमखानाच्या स्मृतीस हा शब्द नाहक जड गेला आहे.

याच काळांत तोफा चालविणारें दुसरें एक घराणें डोळ्यांपुढें ठेवावें. पानसे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार. सोनोरीजवळचा मल्हारगड त्यांनीं सन १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधला, म्हणजे ज्या वर्षांत इब्राहिमखान धनी बदलीत होता त्याच वर्षांत. काम तोफेचेंच, पण पानशांस गांव होता, गढी होती, दरबारांत नातींगोतीं होतीं. त्यांची सरदारी पिढ्यान् पिढ्या चालली. खड्यांच्या लढाईपर्यंत पानसे आपल्या जागीं आहेत.

पगाराचा प्रश्न कोणीं सोडविला असेल तर महादजी शिंद्यांनीं. द बॉयन सन १७८४ त त्यांच्या चाकरींत आला, आणि १७९० त मोठा कंपू उभा करतांना पलटणांच्या खर्चासाठीं अंतर्वेदींतील मुलूख त्यास लावून दिला. दरमहा नियमानें पोंचूं लागला, आणि पाटण व मेडता या १७९० च्या दोन्ही लढायांत त्याचें फळ दिसलें. अर्थात् दुसरें दुखणें उद्भवलें. मुलूख कंपूवाल्याच्या हातीं गेल्यावर जुन्या सरदारांचें वजन घटलें, आणि सन १७९३ त लाखेरीस शिंदे व होळकर यांचीं कवायती पलटणें एकमेकांवरच तुटून पडलीं. द बॉयन धन जोडून सन १७९५ च्या अखेरीस चाकरीवरून निघाला व स्वदेशीं सुखानें गेला. सन १८०३ त युद्ध पेटतांच इंग्रजांनीं जाहीरनामा काढून शिंद्यांकडील आपल्या जातीच्या अंमलदारांस बोलावून घेतलें. पेरूनहि त्याच वर्षीं सप्टेंबरांत इंग्रजांस जाऊन मिळाला. लासवारीस १ नोव्हेंबर १८०३ रोजीं तींच पलटणें, गोऱ्या अंमलदारांवांचून, तोफांजवळ शेवटपर्यंत उभीं राहून मेलीं. त्यांच्या शौर्याची साक्ष खुद्द लेकनें दिली आहे.

सरदारांचीं पत्रें व बखरी प्रसिद्ध करण्याकडे आपल्या मंडळींचा कल साहजिकच अधिक आहे. परंतु या लेखांतील प्रश्नास खरें उत्तर मिळेल तें हजिरीपटांवरून व पगारांच्या याद्यांवरून. पथकाचें नांव, आसामी, दरमहा, बाकी, एवढ्याच चार ओळींचा कागद रद्दींत जाण्यासारखा दिसतो. ज्यांच्या संग्रहीं तोफखान्याचीं वा गारद्यांचीं अशीं कागदें असतील, त्यांनीं त्यांतील बाकीचे आंकडे तारखांसह उतरून ठेवावे, आणि स्वारांच्या पथकांच्या त्याच सालच्या याद्या शेजारीं लावून पाहाव्या.