सयाजीराव (शर्यतीचा घोडा)

सयाजीराव : (१९४४–१९६६). बडोदे संस्थानाचे अधिपती प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या मालकीचा विख्यात थरोब्रेड शर्यतीचा घोडा. वर्षाचे शिंगरू असताना त्याला लिलावात विक्रमी किंमत मिळाली. १९४७ मध्ये त्याने आयरिश डर्बी आणि इंग्लंडमधील सेंट लेजर या दोन प्रमुख शर्यती जिंकल्या. त्याला प्रतापसिंहरावांचे आजोबा महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे नाव देण्यात आले होते. भारतीय संस्थानिकांनी इंग्लंडच्या शर्यतींच्या मैदानांवर मिळविलेल्या अखेरच्या मोठ्या यशांमध्ये त्याच्या विजयांची गणना होते.

पार्श्वभूमी : थरोब्रेड ही जात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झाली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या पौर्वात्य रक्ताच्या तीन नरांचा स्थानिक घोड्यांशी संकर करण्यात आला. या जातीतील आजच्या सर्व घोड्यांची पितृपरंपरा या तिघांपैकी कोणातरी एकाशी जाऊन मिळते. वंशावळींची अधिकृत नोंदवही, जनरल स्टडबुक, १७९१ मध्ये प्रथम सिद्ध झाली. तीन वर्षांच्या घोड्यांसाठी इंग्लंडमध्ये ज्या ‘क्लासिक’ शर्यती मानल्या जातात, त्यांपैकी सेंट लेजर (१७७६) ही सर्वांत जुनी व सर्वांत लांब पल्ल्याची होय. डर्बी (१७८०) सुमारे २·४ किमी. व टू थाउजंड गिनीज (१८०९) सुमारे १·६ किमी. अंतराची आहे, तर डाँकास्टर येथे धावली जाणारी सेंट लेजर सुमारे २·९ किमी.ची आहे. त्यामुळे टू थाउजंड गिनीजमध्ये वेगाची, डर्बीत वेग व दम यांच्या मेळाची आणि सेंट लेजरमध्ये मुख्यतः दमाची कसोटी लागते.

भारतात ब्रिटिश अमदानीत घोड्यांच्या शर्यतींना संस्थानिकांचा व धनिकांचा मोठा आश्रय लाभला. मुंबईत आरंभी भायखळा येथे शर्यती होत. पुढे १८८३ मध्ये महालक्ष्मी येथील मैदान सुरू झाले. भारतात पैदास झालेल्या घोड्यांसाठी असलेली इंडियन डर्बी याच मैदानावर १९४३ मध्ये प्रथम धावली गेली. ती पहिली शर्यत प्रतापसिंहरावांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. तिच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी स्वार होता. हाच ब्रिट पुढे सयाजीरावचा जॉकी झाला. म्हणजे बडोद्याच्या शर्यतखान्याने मुंबईत मिळविलेला अनुभव व माणसे घेऊनच इंग्लंडमध्ये प्रवेश केला, असे म्हणता येईल. तेथे भारतीय मालक नवखे नव्हते. राजपीपला संस्थानाच्या महाराजांच्या विंडसर लॅड या घोड्याने १९३४ ची डर्बी जिंकली होती. मुंबई व पुणे या शहरांशी निकट संबंध असलेले आगाखान (तिसरे) हे तर इंग्लंडमधील अग्रगण्य मालकांपैकी एक होते.

वंश व पैदास : सयाजीरावचा जन्म १९४४ मध्ये झाला. त्याचा रंग गडद तपकिरी होता. त्याची पैदास सर एरिक ओल्सन या हल येथील व्यापाऱ्याने केली. त्याचा पिता नेआर्को (१९३५–१९५७) याची पैदास इटलीतील प्रसिद्ध अश्वपैदासकार फेदेरीको तेस्यो यांनी केली होती. नेआर्को चौदा शर्यती धावला व चौदाही जिंकला. १९३८ मध्ये मार्टिन बेन्सन यांनी तो ६०,००० पौंडांना विकत घेऊन न्यूमार्केट येथे पैदाशीसाठी ठेवला. त्याच्या नॅस्रुल्ला, रॉयल चार्जर व निआर्क्टिक या पुत्रांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील थरोब्रेड पैदाशीला नवी दिशा मिळाली. नॉर्दर्न डान्सर हा विख्यात पैदाशीचा घोडा निआर्क्टिकचाच पुत्र होय. माता रोझी लेजंड ही फ्रान्समध्ये पैदास झालेली, डार्क लेजंड या घोड्याची कन्या होती.

नेआर्को व रोझी लेजंड यांच्या पोटी १९४२ मध्ये डांटे हा घोडा जन्मला होता. यॉर्कशरमधील मिडलॅम येथे मॅथ्यू पीकॉक यांच्या हाताखाली तयार झालेला हा घोडा नऊ शर्यतींत धावला व आठ जिंकला. १९४५ च्या टू थाउजंड गिनीज शर्यतीत मात्र त्याला कोर्ट मार्शल या घोड्याने मागे टाकले. महायुद्धामुळे त्या वर्षीची डर्बी एप्समऐवजी न्यूमार्केट येथे झाली. ती डांटेने जिंकली. त्याच वर्षी त्याचा सख्खा धाकटा भाऊ लिलावात आला, तेव्हा त्याच्याकडे साऱ्यांचे लक्ष लागले होते. प्रतापसिंहरावांच्या वतीने २८,००० गिनींची बोली लागली. ब्रिटनमध्ये वर्षाच्या शिंगरासाठी लिलावात तोपर्यंत मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत होती. २१ शिलिंगांच्या हिशेबाने ही रक्कम २९,४०० पौंड, म्हणजे तत्कालीन विनिमयदराने सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये होते. अपराजित व पूर्ण कसोटीस उतरलेल्या नेआर्कोसाठी सात वर्षांपूर्वी जे मोल पडले, त्याच्या जवळजवळ निम्मे मोल पाठीवर अद्याप खोगीरही न चढलेल्या त्याच्या पुत्रासाठी मोजले गेले.

अशा खरेदीमागील तर्क समजून घेणे उद्‌बोधक आहे. सख्ख्या भावंडांची वंशावळ कागदावर एकच असते. परंतु प्रत्येक पिलाला माता व पिता या दोघांकडून निम्मी निम्मी जनुके मिळतात व ती कोणती मिळावीत हे यदृच्छेवर अवलंबून असते. त्यामुळे सख्ख्या भावंडांत सरासरीने निम्मीच जनुके समान असतात. शिवाय शिंगराचे पोषण, पायांची मजबुती, स्वभाव व शिक्षण यांचाही परिणाम होतो. विजेत्याचा भाऊ विकत घेणारा विजय विकत घेत नसतो. तो फक्त विजयाची वाढीव शक्यता विकत घेतो. डांटे व सयाजीराव यांच्यातही हा भेद दिसून आला. डांटे दोन वर्षांच्या वयातच वेगवान व तयार झालेला होता. सयाजीराव उशिरा परिपक्व होणारा व लांब पल्ल्याचा घोडा ठरला.

शर्यतींतील कारकीर्द : सयाजीरावला फ्रेड (सॅम) आर्मस्ट्राँग या प्रशिक्षकाकडे न्यूमार्केटजवळील वॉरन प्लेस येथील तबेल्यात ठेवण्यात आले. १९४६ मध्ये, दोन वर्षांचा असताना, तो प्रथम धावला. त्याचे खरे गुण पुढील वर्षी प्रकट झाले. १९४७ च्या टू थाउजंड गिनीजमध्ये टूडर मिन्स्ट्रेल या घोड्याने आठ लांबींनी विजय मिळविला. सयाजीराव तिसरा आला. दीड किलोमीटरच्या आसपासचे अंतर त्याला अपुरे होते, हे उघड झाले. लिंगफील्ड येथील डर्बीपूर्व चाचणी शर्यत त्याने जिंकली. त्यानंतर एप्समच्या डर्बीत फ्रान्सहून आलेल्या व फारशी अपेक्षा नसलेल्या पर्ल डायव्हर या घोड्याने सर्वांना चकित केले. आगाखानांचा मिगोली दुसरा व सयाजीराव तिसरा आला, तर सर्वांच्या पसंतीचा टूडर मिन्स्ट्रेल चौथ्या क्रमांकावर राहिला.

डर्बीतील या हुकलेल्या यशाची भरपाई आयर्लंडमध्ये झाली. करा येथील मैदानावर सयाजीरावने आयरिश डर्बी जिंकली. सप्टेंबरमध्ये डाँकास्टर येथे सेंट लेजर शर्यत झाली. फ्रान्सचे प्रख्यात पैदासकार मार्सेल बूसाक यांचा आर्बार व सयाजीराव हे अखेरपर्यंत झुंजत राहिले आणि ब्रिटने सयाजीरावला केवळ डोक्याच्या अंतराने विजयी केले. मिगोली तिसरा आला. या विजयाचे मोल प्रतिस्पर्ध्यांच्या पुढील कामगिरीवरून कळते. आर्बारने १९४८ मध्ये ॲस्कट गोल्ड कप ही दीर्घ पल्ल्याची मानाची शर्यत जिंकली. मिगोलीने त्याच वर्षी पॅरिसमधील प्री द लार्क द त्रियाँफ ही शर्यत जिंकली. चार वर्षांचा असताना, १९४८ मध्ये, सयाजीरावने रॉयल ॲस्कट येथील हार्डविक स्टेक्स शर्यत जिंकली. त्याच वर्षी प्रतापसिंहरावांच्या माय बाबू या घोड्याने चार्ली स्मर्क या जॉकीच्या स्वारीखाली टू थाउजंड गिनीज जिंकली. अशा रीतीने लागोपाठ दोन वर्षांत बडोद्याच्या वाट्याला दोन इंग्लिश क्लासिक शर्यती आल्या.

पैदाशीचा घोडा म्हणून कार्य : शर्यतींतून निवृत्त झाल्यावर सयाजीरावला आयर्लंडमध्ये पैदाशीसाठी ठेवण्यात आले. त्याच्या संततीत त्याचाच दमदारपणा उतरला. त्याची कन्या ग्लॅडनेस हिने १९५८ मध्ये ॲस्कट गोल्ड कप, गुडवुड कप व एबर हँडिकॅप या शर्यती जिंकल्या. लिंक्रिस हिने १९६० ची आयरिश ओक्स जिंकली. इंडियाना हा पुत्र १९६४ च्या डर्बीत दुसरा आला व त्याच वर्षी त्याने सेंट लेजर जिंकली. पित्याच्या विजयानंतर सतरा वर्षांनी पुत्राने तीच शर्यत जिंकावी, ही घटना दमाचा गुण वंशात कसा टिकतो याचे बोलके उदाहरण मानता येईल. आय से या पुत्राने १९६६ मध्ये एप्सम येथील कॉरोनेशन कप जिंकला. सयाजीराव त्याच वर्षी मरण पावला. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यम पल्ल्याच्या व वेगवान घोड्यांना मागणी वाढत गेली आणि लांब पल्ल्याची पैदास मागे पडली. त्यामुळे नेआर्कोचा वंश जगभर पसरला, तरी त्यात सयाजीरावची शाखा प्रमुख ठरू शकली नाही.

मूल्यमापन : या घोड्याचा इतिहास त्याच्या नावापासून वेगळा करता येत नाही. महाराजा सयाजीराव (१८६३–१९३९) यांचा जन्म नासिक जिल्ह्यातील कवळाणे येथील शेतकरी कुटुंबात झाला. १८७५ मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. त्यांनी अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला व १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला. ग्रंथालयांचे जाळे, शिष्यवृत्त्या व नीटनेटका राज्यकारभार यांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात व गुजरातेत आदराने घेतले जाते. नातवाने ते नाव विक्रमी किंमतीच्या एका शिंगराला दिले. त्यात आजोबांविषयीचा अभिमान होता, तसेच संस्थानी वैभवाचे प्रदर्शनही होते.

प्रतापसिंहरावांच्या कारकीर्दीत या दोन्ही प्रवृत्ती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. आजोबांच्या इच्छेला अनुसरून बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्यांच्याच काळात, १९४९ मध्ये, स्थापन झाले. दुसरीकडे, परदेशातील खर्चासाठी संस्थानाच्या खजिन्यातून उचललेल्या मोठ्या रकमांचा प्रश्न विलीनीकरणाच्या वेळी उपस्थित झाला. सेंट लेजरचा विजय मिळाला तेव्हा भारत स्वतंत्र होऊन जेमतेम चार आठवडे झाले होते. दीड-दोन वर्षांतच, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली व त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना गादीचे वारस म्हणून मान्यता दिली. प्रतापसिंहरावांचा मृत्यू १९६८ मध्ये लंडन येथे झाला. एडगर ब्रिट मात्र दीर्घायुषी ठरला. तो २०१७ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, मरण पावला.

केवळ शर्यतींचा विचार केला, तर २८,००० गिनींची बोली वाया गेली नाही. लिलावात विक्रमी मोल मिळालेली बहुतेक शिंगरे मैदानावर सामान्य ठरतात. सयाजीरावने क्लासिक शर्यत जिंकली व क्लासिक विजेता मागे ठेवला. परंतु ज्या प्रजेच्या करांवर संस्थानिकांचा हा डामडौल उभा होता, तिला या बोलीत मत नव्हते. म्हणून त्या खर्चाचा ताळेबंद केवळ विजयचषकांच्या संख्येवरून मांडता येत नाही. आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यात न्यूब्रिज येथे ‘बरोडा स्टड’ हे अश्वपैदास केंद्र आजही त्याच नावाने ओळखले जाते. सयाजीराव हे नाव बडोद्यात विद्यापीठावर कोरलेले आहे, तर डाँकास्टर येथे ते सेंट लेजरच्या विजेत्यांच्या यादीत १९४७ या वर्षापुढे नोंदलेले आहे.