खुणा पुसलेल्या रायफलीची कुलपरीक्षा

दोन्ही महायुद्धांनंतर लक्षावधी लष्करी रायफली सैन्यातून बाहेर पडून बाजारात आल्या. युरोपातील व विशेषतः अमेरिकेतील बंदूक-कारागिरांनी त्यांपैकी अनेकांना शिकारी रायफलीचे रूप दिले. जड दस्ता काढून अक्रोडाच्या लाकडाचा नवा बसविला, संगिनीची सोय छाटली, नळी बदलली, दुर्बिणीला आड येऊ नये म्हणून बोल्टची मूठ वाकविली आणि पुष्कळदा राजचिन्हे, कारखान्याचे नाव व क्रमांक घासून काढून पोलादाला पुन्हा निळसर झिलई दिली. अशी रायफल अभ्यासकापुढे येते ती लेखहीन ताम्रपटासारखी. तिच्या ॲक्शनचे, म्हणजे रिसीव्हर व बोल्ट यांच्या जोडणीचे, कूळ कसे ठरवावे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

येथे लक्षणांचे दोन वर्ग प्रथम वेगळे केले पाहिजेत. दस्ता, नळी, चाप, मुठीचा वाक ही बदलता येणारी लक्षणे होत. ती कारागिराविषयी सांगतात, ॲक्शनविषयी नव्हे. रिसीव्हरच्या पोटातील कोरीव घडण आणि बोल्टवरील अडसरांची जागा मात्र ॲक्शन निकामी केल्यावाचून पालटता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, भाषांच्या अथवा हस्तलिखितांच्या वंशावळीप्रमाणे येथेही समान पूर्वजाकडून आलेले लक्षण शाखा ठरवीत नाही. शाखेत नव्याने उद्भवलेले लक्षणच ती ठरविते.

माउझर कुलाचे उदाहरण घ्यावे. काडतूस ओढून काढणारी, बोल्टबरोबर न फिरणारी लांब आकडी स्पेनच्या १८९३ च्या, स्वीडनच्या १८९६ च्या व जर्मनीच्या १८९८ च्या नमुन्यांत आहे. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्डमध्येही आहे. तेव्हा आकडी पाहून 'हे माउझर ९८' असा निर्णय देणे अनुचित ठरते. ९८ च्या नमुन्यात बोल्ट उघडताना स्प्रिंग ताणली जाते, तर आधीच्या नमुन्यांत बंद करताना. परंतु जुन्या ॲक्शनमध्येही हा फेरफार कारागीर करून देत, म्हणून हाही पुरावा निर्णायक नव्हे. निर्णायक आहे तो पुढील दोन अडसरांखेरीज बोल्टच्या मागील भागी, मुठीजवळ असलेला तिसरा अडसर आणि रिसीव्हरच्या पुढील कड्याच्या आत कोरलेले कडे. स्प्रिंगफील्डलाही तिसरा अडसर आहे. पण तो रिसीव्हरच्या मागील पुलाच्या पुढे राहतो, आतील कडे नाही आणि नळीचे मागील तोंड शंकूसारखे आहे. या फरकांमुळे दोन्ही शाखा वेगळ्या राहतात.

मोजमापाचा आधार सावधपणे घ्यावा. माउझर ९८ च्या पुढील कड्याचा बाह्य व्यास सामान्यतः ३५.८ मिलिमीटर व आधीच्या नमुन्यांचा सुमारे ३३ मिलिमीटर असतो. तथापि जर्मनीची १९०८ ची कार्बाइन आणि दुसऱ्या महायुद्धात बर्नो येथे बनलेली ३३/४० ही हलकी रायफल, या दोन्ही ९८ च्याच शाखेतील असूनही त्यांचे कडे लहान आहे. युगोस्लाव्हियाच्या १९२४ च्या नमुन्यात कडे मोठे, पण रिसीव्हर सुमारे ६ मिलिमीटर आखूड आहे. एकाच मापावर विसंबणारा येथे हमखास फसतो.

हा केवळ नामाभिधानाचा वाद नव्हे. १८९३ च्या कुलातील ॲक्शनला तिसरा अडसर नाही, आणि काडतूस फुटल्यास वायू नेमबाजाच्या चेहऱ्यापासून दूर वळविण्याची सोयही ९८ इतकी पक्की नाही. तिला ९८ समजून अधिक दाबाचे काडतूस वापरले, तर जीवावर बेतू शकते. स्प्रिंगफील्डची कथा याहून बोलकी आहे. १९१७ मध्ये काही रिसीव्हर फुटल्यावर चौकशीत आढळले की, तापविलेल्या पोलादाचा रंग केवळ डोळ्यांनी पारखणारे कामगार लख्ख उन्हाच्या दिवशी ते वाजवीपेक्षा अधिक तापवीत असत. १९१८ मध्ये पद्धत बदलली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या सुमारे ८,००,००० आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ या क्रमांकांखालील रिसीव्हर तेव्हापासून संशयास्पद मानले जातात. संशय आणि विश्वास यांमधील सीमा येथे केवळ क्रमांकाने आखलेली आहे. आकार दोहोंचा एकच. क्रमांक घासून टाकणाऱ्याने शोभेसाठी हीच सीमा पुसली. अशी रायफल न झाडणे हाच शहाणपणा.

सारांश, घडणीवरून नमुना सांगता येतो आणि नमुन्यावरून काळाची वरची मर्यादा: ९८ ची ॲक्शन १८९८ पूर्वीची असू शकत नाही. कारखाना मात्र घडणीवरून ठरत नाही, कारण हाच नमुना ओबर्नडॉर्फ, बेल्जियममधील एर्स्ताल व बर्नो येथे बनत होता. त्यासाठी दस्ता उतरवून, कानस न पोहोचलेल्या रिसीव्हरच्या खालच्या अंगावरील तपासनिसांचे बारीक ठसे पाहावे लागतात. बोल्टवरील ठशांची साक्ष दुय्यम समजावी. बोल्ट एका रायफलीतून दुसरीत सहज जातो, रिसीव्हर जात नाही.